गिर गाईचे कान

प्रिय अमृत,

परवापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र चुनीलालभाऊंच्या हाती देतेय. शहाद्यात दूध घालून ते दुपारी आपल्या कळसाडीला परततातच. आधी सुकरामची खबर. काल मी नंदुरबारहून निघेपर्यंत त्याच्या नाकातलं रक्त थांबलं होतं, दोन चमचे पेज पोटात गेली होती. धोका टळला असं मात्र यामिनी डॉक्टर अजून म्हणत नाहीत.

दवाखान्याच्या बाकावर बसून करायला काही नसतं, म्हणून मी त्यांना प्रश्न विचारत राहते. सव्वीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं, पण गोचिडीला आठ पाय असतात यापलीकडे मला तिच्याविषयी काही ठाऊक नव्हतं. सुकरामला झालाय त्या काँगो तापाचा विषाणू गोचिडीच्या अंगात ती जगेल तोवर राहतो म्हणे. ती गाईला चावली की आठवडाभर गाईच्या रक्तात फिरतो आणि निघून जातो. गाय चारा खाते, रवंथ करते, दूध देते. तिच्याकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही. माणसाच्या अंगात शिरला तर दहांतले तीन-चारही दगावू शकतात. मग गाय कशी सुटते, मी विचारलं. ते नीट कुणालाच कळलेलं नाही ताई, असं त्या म्हणाल्या. मला ते उत्तर आवडलं.

आईला हे काही पटत नाही. ‘जलमभर गोचिड्या मार्‍यात, माले काय व्हयनं? डॉक्टरले सांग, मन्हं रगत लई जाय तपासाले,’ म्हणाली. प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो, एवढंच तिचं आणि आपलं नशीब. आठवतं? उन्हाळ्यात निंबाखाली बैलांचे कान मांडीवर घेऊन आपण तिघं बसायचो. गोचीड ओढायची, चपट्या दगडावर ठेवायची, अंगठ्याच्या नखानं फोडायची. ज्याच्या जास्त, त्याला आंबा आधी. तू एक गोचीड दोनदा मोजायचास. सुकराम आपल्या सालदाराचा मुलगा. तो बघायचा आणि गप्प राहायचा.

काल काचेपलीकडून फोनवर त्यानं मला विचारलं, ‘ताई, गिर गाय दूध देई ऱ्हायनी ना?’ मी हो म्हटलं, खरं तर मला गिर गाय माहीतच नव्हती. मग त्यानंच सांगितलं. गुजरातकडच्या व्यापाऱ्याकडून तू ती घेतलीस, आणि तिचे कान साफ करण्यात त्याची अख्खी सकाळ गेली. उघड्या हातांनी, त्याच दगडावर. माझ्या शेजारी बसलेली त्याची बायको कालीबाई म्हणाली, एवढ्या प्रेमानं यानं कधी माझं डोकं नाही पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला आणि तो घरी गेला. पुढचं त्याला माहीत नाही.

परवा आरोग्य खात्याची माणसं आली तेव्हा मी तुझ्या गोठ्यात उभी होते. नवीन जनावर आणलं नाही, विकलं नाही, असं तू सांगितलंस. चार गाई होत्या. पाचवा खुंटा रिकामा होता, आणि त्याच्याभोवती शेण ताजं होतं.

अमृत, आजारी गाय लोकाच्या गळ्यात मारली असं तुला वाटत असेल, तर ते तसं नाही. ती आजारी दिसत नव्हती, दिसणारही नव्हती. तू ती विकलीस तेव्हा सुकरामला मलेरिया झालाय असंच सगळे समजत होते. आरोग्य खात्याची माणसं जनावरं मारत नाहीत, ओढून नेत नाहीत. गोठ्यात औषध फवारतात, एवढंच. हे मी तीनदा विचारून घेतलंय. पण त्या गाईच्या कानात उरलेल्या गोचिडी आज कुणाच्या तरी दारात आहेत, आणि चांगला धनी नवी गाय आणली की आधी तिचे कानच बघतो. या कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. तिच्यावर गाय घेणाऱ्याचं नाव आणि गाव लिही. चुनीलालभाऊ उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाहीत, त्यांना चहा दे. सुकराम इतकी वर्षं तुझ्यासाठी गप्प राहिला. काल तो बोलला, कारण यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तुझीच, चुनीलालभाऊंच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
चेतनाताई