मागं राहू नको

३ नोव्हेंबर १९९६, लिंबायत, सुरत

दिवाळीला नातवाकडं आले आणि आल्या दिवशीच त्याला कामाला लावलं. मी सांगते, दीपक लिहितो. मला अक्षर येत नाही, पण अक्षर येणारा नातू आहे, तेवढं पुरे. दोनदा त्यानं विचारलं, मोठी माय, हेपण लिहू का? म्हटलं सगळं लिही, तू घोरतोस तेसुद्धा. घर दोन खोल्यांचं, भिंतीपलीकडं मागांची खडखड. नातसून ज्योती चहा झकास करते, पोळी मात्र नकाशासारखी. ऐकतेय ती. ऐकू दे.

दीपक कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढतो. आधी त्या खुर्चीत शालिग्राम नावाचा अकोल्याकडचा माणूस बसायचा, तो गेल्या साली तापानं गेला. डावखुरा. चहात मीठ घालायचा आणि दिसेल त्या म्हातारीला आजीबाई म्हणायचा. दीपक त्याच्याच हाताखाली शिकला, त्याची हुबेहूब सोंगं करतो. मेल्या माणसाचं सोंग घेऊ नये म्हटलं, तर मलाच हसला.

६ नोव्हेंबर

कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली. डिस्क म्हणजे त्याचं डोकं, सगळं त्यात साठतं. लाभपाचमीला शेठ दुकान उघडेल तेव्हा काठ तयार नसले तर दीपकची नोकरी गेलीच. म्हणून तो डबा रिक्षात घालून घरी आणलाय आणि ठेवलाय कुठं, तर माझ्या अंथरुणाशेजारी. म्हातारीला सोबत!

तशी जुनी डिस्क बाजारात मिळेना. दुसऱ्या कंपनीची, मोठी मिळाली. एका कॅसेटवर जुनीतलं सगळं उतरवून ठेवलंय, त्याला बॅकअप म्हणतात. पण ते शालिग्रामनं घेतलेलं, दीपक नोकरीला लागायच्या आधीचं. दीपक म्हणतो, यात निवडानिवड नाही. नव्या डिस्कमध्ये ओतलं की सगळं, बॅकअप घेतलं त्या दिवशी होतं तसं होणार. शालिग्रामचं नावसुद्धा येणार, दीपकचं कुठंच नसणार. म्हटलं, बरंय. घर नवं, बिऱ्हाड जुनं.

८ नोव्हेंबर

कॅसेट लावली. आमच्याकडं बिऱ्हाड हलवलं की मोठं माणूस नव्या उंबऱ्यावर उभं राहतं आणि एकेकाला नावानं हाक मारतं, चल रे घरी, मागं राहू नको. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं, त्याचा जीव जुन्या घरी राहतो. मी गंमत म्हणून डब्याला कुंकू लावलं. पडद्यावर येतील ती नावं दीपक वाचत गेला, मी हाका मारत गेले. मोरा चल, कोयरी चल, शालिग्रामा, तूही चल रे बाबा. ज्योती हसून हसून खाली बसली. दीपक तर समोरच होता, त्याला कशाला हाक मारायची?

कॉम्प्युटर चालू झाला. दीपक पडद्याकडं बघत राहिला. फार वेळ.

९ नोव्हेंबर

आज मी सांगते, ज्योती लिहितेय. दीपक सकाळपासून खुर्चीतून उठला नाही. मोराचा काठ अर्धा राहिलाय म्हणतो. तो काठ शालिग्रामचा. चहा दिला तर मीठ मागितलं. सोंग असेल म्हणून मी हसले. त्यानं सबंध कप पिऊन टाकला. तोंड वाकडं केलं नाही.

११ नोव्हेंबर

डाव्या हातानं जेवला. मला आजीबाई म्हणाला. थट्टा पुरे म्हटलं, तर कसली थट्टा ते त्याला कळेना. मग ज्योती पाणी आणायला गेली तशी मला हळूच विचारलं, ही बाई कोण—

ज्योतीनं आताच ऐकलं हे. लिही पोरी.

कॉम्प्युटरची वायर काढली. कॅसेट काढली. तो तसाच. डाव्या हातानं हवेत मोर काढत.

१२ नोव्हेंबर

ज्योती भावाला आणायला उधन्याला गेली. ती येईपर्यंत थांबणार होते. पण हा वही घेऊन समोर बसलाय. म्हणतो, सांगा आजीबाई, मी लिहितो. पेन डाव्या हातात.

सांगते. घाबरत नाही मी—

मला कळलं कुठं चुकलं ते. सगळ्यांना हाक मारली, एकाचीच राहिली. तो तिकडंच आहे, त्या बंद पडलेल्या जुन्या डिस्कमध्ये— एकटा—

उंबऱ्यावर उभी आहे. मला वाचता येत नाही, हाक तर मारता येते. ज्याला मांडीवर वाढवला त्या माझ्या नातवाचं नाव घेते. शालिग्राम, चल रे घरी. शालिग्राम, मागं राहू नको—

लिहिलंस ना? मी घेतलं तेच नाव ना? शालि—