बिशपचा घसा

११ ऑक्टोबर
शेजारच्या लेस पॅस्कोने कुत्र्याचं नाव ‘बिशप’ ठेवलं ते मला डिवचायलाच. मी ननांच्या शाळेत शिकलेली, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. मुद्दाम कुंपणापाशी येऊन ओरडतो, “बिशप, कुठे घाण केलीस?” आणि कुत्रा? मी कपडे वाळत घालायला आले की घसा फाडून भुंकतो.

१४ ऑक्टोबर
आज भुंकला नाही. देव आहे.

१५ ऑक्टोबर
भुंकतो, पण आवाज बसलाय, गंजक्या बिजागरीसारखा. लेसला सांगितलं. म्हणे, “बाई, तुमच्यावर भुंकून भुंकून बसला असेल.” मेला शहाणा!

१६ ऑक्टोबर
सकाळी पाहिलं तर बिशपचे मागचे पाय लटपटताहेत. श्वास घेताना पोट आत ओढतो, सोडताना कण्हतो. जागचा हलला नाही, तरी धाप.

लेस म्हणाला, “उकाडा आहे. कानामागे गोचीड होती, ती कालच उपटून फेकली. झालं.”

झालं? या किनाऱ्यावर जन्म गेला याचा. इथली गोचीड अंग लुळं पाडते; ती निघते, विष अंगात राहतं — हे मी सांगायचं?

वर त्याला पाणी पाजत होता. भांडं हिसकावलं. “घसा लुळा पडलाय त्याचा. पाणी फुप्फुसात जाईल.”

लेसचा चेहरा उतरला. “काय करू, मॉइरा?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक.

गाडी माझी. कुत्रा मागच्या सीटवर, पोटावर पालथा, मान सरळ. लेस त्याच्याशेजारी.

“हिरड्या बघत राहा. निळ्या पडल्या तर सांग.”

“पांढऱ्या आहेत. अजून किती लांब?”

“तू गप्प बसलास तर जवळ आहे.”

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बिशपला भादरलं. पंजाच्या बेचक्यात दुसरी गोचीड! विषावरचं सिरम दिलं, ऑक्सिजन लावला. लेस बाकावर टोपी चुरगळत बसला होता. मी जपमाळ काढली. कुत्र्यासाठी चालते का, कोणाला विचारलं नाही.

२० ऑक्टोबर
वाचला. घरी सोडलं. पण गारव्यात ठेवायचा, दमवायचा नाही. लेसचं घर पत्र्याचं, नुसती भट्टी. माझ्याकडे एसी. “आठवडाभरच,” मी बजावलं. “आणि सोफ्यावर अजिबात नाही.”

२१ ऑक्टोबर
सोफ्यावर.

२८ ऑक्टोबर
लेस न्यायला आला. म्हटलं, “श्वास अजून लागतो रे त्याला. राहू दे अजून थोडे दिवस.” बिचारा मान डोलावून गेला.

कुत्रा ठणठणीत आहे. शनिवारी फादरकडे जाऊन कबुली द्यावी लागेल. या शनिवारी नको, पुढच्या.