पैलवानाच्या छातीतलं पाणी

नेर, जुलै १९५७. बुधवार, संध्याकाळ.

शंकर पैलवान आज दुपारी फ्लूने गेला. त्याची आई, नुसता हाडांचा सापळा, त्याच तापातून उठून घरी चहा पितेय. शंकरच्या तोंडाला आलेला तो गुलाबी फेस डोळ्यांपुढून हलत नाही. छातीत पू नव्हता, नुसतं पाणी. आलं कुठून? रोगाशी झुंजताना शरीरच आपल्या रक्तातलं पाणी फुप्फुसात सोडत असेल का? मग शरीर जेवढं दणकट, तेवढी झुंज जबर, आणि तेवढं पाणीही जास्त. पुरावा काही नाही. पण फेस त्याच्याच रक्ताचा होता.

त्याच्या आखाड्याचे वस्ताद शंकरच्या आईसाठी टॉनिक न्यायला दवाखान्यात आले होते. त्यांच्यापाशी हे बोलून गेलो. बोलायला नको होतं बहुतेक.

ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याले दूध-बदाम म्याच चारले. आता बाकीच्या पोरायले काय सांगू? ताकद कमवू नका म्हनू?"

आठ दिवस आखाडा बंद ठेवा, एवढंच म्हणालो.

ते उठले. हातातल्या बाटलीकडे पाहत विचारलं, "मंग हे ताकदीचं औषध म्हातारीले देऊ का नको?"

द्या, म्हणालो. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.