एका सेकंदाच्या आत

२ जानेवारी

आले एकदाची नाशिकला! सातपूरला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. स्वतंत्र जिना, पूर्वेची खिडकी आणि नळाला दोन्ही वेळ पाणी; नांदेडला सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. घरमालक नवनाथभाऊ माझी गादी खांद्यावर टाकून जिना चढले आणि "काय लागलं तर बिनधास्त आवाज द्या, मॅडम" म्हणाले. ते अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत, सुटे भाग मोजून पास-नापास करतात. त्यांची बायको राखीवहिनी साड्यांना फॉल-बीडिंग करते. तिला काही विचारलं की आधी सुई दातात धरून विचार करते, मग हसते, मग बोलते. मला ती बघताक्षणीच आवडली.

काम तर झकासच आहे. माणसं घरात, वर्गात आणि टीव्हीवर एकमेकांशी बोलतात कशी, यावर संशोधन. वर्ग आणि टीव्ही बाकीच्यांकडे, घर माझ्याकडे. लोकांच्या घरी कान लावून बसायचा कुणी पगार देतं, हे बाबांना अजून पटत नाही.

७ जानेवारी

घर शोधत वणवण कशाला करायची? खालचंच घर घेतलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या शेजारी, रेकॉर्डर ठेवला. आमच्या संशोधनाच्या प्रमुख श्यामला मॅडमचा नियम आहे की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची संमती त्याला एकट्याला भेटून घ्यायची. पण घरचीच माणसं, त्यांना काय वेगवेगळं विचारायचं! नवनाथभाऊंनी फॉर्म दोनदा वाचला, सही केली आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे वहिनीने केली. पाच मिनिटांत काम फत्ते.

१४ जानेवारी

आठवडाभराचं बोलणं कागदावर उतरवते आहे. शब्दांइतकंच महत्त्व शांततेला. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कितीही छोटी गप्प जागा असो, ती सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची आणि कंसात लिहायची. टीव्हीवरची निवेदिका अर्धा सेकंदही कुणाला देत नाही. गुरुजी प्रश्न विचारतात आणि एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. घरात मात्र गंमत असते. "हो" पटकन येतं, "नाही" जरा रेंगाळून येतं. मला या कामाचं वेड लागलं आहे.

१७ जानेवारी

आज ते कागद घरच्यांना दाखवायचे होते, तोही नियमच. वहिनी साड्या पोचवायला गेली होती. नवनाथभाऊंनी पंचवीस पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. चौथ्या पानावर बोट थांबलं. तिथे त्यांनी विचारलं होतं, दुपारी कुठे गेली होतीस, आणि वहिनीच्या उत्तराआधी मी १.८ लिहिलं होतं.

हा आकडा कसला, विचारलं त्यांनी. मी काय, छाती फुगवून सगळं शास्त्र सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे खोटं बोलायला टाइम लागतो, आसं ना?" तसं नसतं. माणूस आठवत असतो, घास गिळत असतो, भीत असतो. हे सगळं मला माहीत आहे. पण त्यांनी स्वतः केलेला चहा समोर होता आणि मी हसून "तसंच काहीसं" म्हणाले.

१९ जानेवारी

नवनाथभाऊ स्वतः वर आले. हे मोजायचं कसं ते शिकायचं होतं. मी त्यांना फोनवरचं स्टॉपवॉच दाखवलं. "लय भारी काम हाय तुमचं. आमच्याकडं बी मोजल्याशिवाय काय पास होत नाय." रेकॉर्डर अजून दोन आठवडे राहू द्या म्हणाले. श्यामला मॅडम खूश. इतका उत्साही माणूस त्यांना आजवर मिळाला नव्हता.

२३ जानेवारी

वहिनीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. दारात सापडली म्हणाली. मी "कधी" एवढंच विचारलं, तर माझा शब्द संपायच्या आत उत्तर आलं. मग मी काहीही विचारून पाहिलं. भाजी काय केली, वीज गेली होती का. सगळी उत्तरं धाडधाड. हसणं नाही, विचार करणं नाही. बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती, प्रश्न कुठला येतोय ते आधीच कळावं म्हणून.



२५ जानेवारी

ऐकलं. नवं रेकॉर्डिंग सकाळपासून ऐकते आहे.

नवनाथ प्रश्न विचारतो, स्टॉपवॉच दाबतो. टिक. ती बोलते. टिक. मग त्याचा आवाज, अगदी शांत: "एक पॉइंट तीन. रिजेक्ट." एका सेकंदाची सूट आहे तिला. त्याला तो टॉलरन्स म्हणतो. एका सेकंदाच्या वर गेलं की फळीकडून दाराकडे जाणारी पावलं, दार करकरतं, आणि मग ती ओरडते.

एकदा त्याने विचारलं, माझ्यासोबत सुखात आहेस का. तिने लगेच "हो" म्हटलं. तरी दार वाजलं. फार लवकर बोललीस, पाठ केलंस, म्हणाला.

आणि मी सवयीने त्या ओरडण्याचे सेकंद मोजून कंसात लिहिले. ४.२. लिहून झाल्यावर मला कळलं मी काय केलं. 

हे मी शिकवलं त्याला. मीच.

२८ जानेवारी

मॅडमना सांगितलं. त्या रडल्या, मग कडक झाल्या. आधी तिला बाहेर काढ, मग रेकॉर्डिंग घेऊन पोलिसांकडे. वहिनी तक्रारीला तयार नाही. पळायला तयार आहे. अंबडला पुतळाबाई म्हणून तिची फॉल-बीडिंगची मैत्रीण आहे, एकटी राहते. परवा सकाळी तो पहिल्या पाळीला गेला की.

हे आम्ही गच्चीवर बोललो, कुजबुजत. वहिनीचा खालचा ओठ फाटला आहे. तिसरं बोट काळंनिळं. सुई धरता येत नाही तिला.

३० जानेवारी, सकाळी दहा

पोचवलं तिला! रिक्षात ती माझा हात सोडत नव्हती. तिचा फोन खालीच ठेवून दिला, माझा जुना फोन तिला दिला. पुतळाबाई चारपर्यंत कामावर, तोवर ती एकटी. बजावून आले: दार उघडायचं नाही, आणि कुणाचाही फोन घ्यायचा नाही. माझासुद्धा नाही, कारण माझ्या फोनवरून तो बोलू शकतो. ती पहिल्यांदा हसली. "ताई, आज कोणीच काय विचारणार नाय ना?"

मी परत आले आहे ते फक्त रेकॉर्डरसाठी; पंचवीस तारखेनंतरचं सगळं त्यातच आहे. तो घेऊन थेट पोलीस ठाण्यात.

अकरा वाजता

तो घरी आला. पाळी अर्धी टाकून; खाली तिचा फोन मघापासून वाजत होता, त्यामुळेच असेल. मी फळीवरून रेकॉर्डर उचलत होते — जिन्याने वर पळाले, कडी लावली. ११२ ला फोन केला. पत्ता सांगितला. गाडी निघाली म्हणतात.

तो लोखंडी गजाने दार ठोकतोय. दार दणकट आहे. दाराशेजारच्या खिडकीची काच फुटली —

सव्वाअकरा

 लिहायलाच हवं. काय झालं ते कुणाला तरी

मी खिडकीजवळून फोन उचलायला गेले. त्याने खिडकीच्या गजांतून हात घालून वेणी पकडली, हाताला वेढे देऊन ओढली. माझं डोकं गजांना लावून धरलं. डोळ्यात रक्त येत होतं. दुसऱ्या हातात त्याचा फोन, आकडे धावताना दिसत होते. गप्प राहिले की डोकं आपटायचा. म्हणून बोलले. ती कुणाकडे आहे म्हणून तो एकेक नाव घेत होता; सगळ्याला नाही म्हणायचं, लगेच म्हणायचं, एवढंच ठरवलं.

निफाडची बहीण? नाही.

सिन्नरचा मामा? नाही.

तुमच्या त्या मॅडम? नाही.

पुतळाबाई?

नाही म्हणाले. मी म्हणाले, देवाशपथ म्हणाले. पण —

त्याने आकडा बघितला. वेणी सोडली. "थँक्यू मॅडम" म्हणाला. अगदी मऊ आवाजात.

दाराला बाहेरून कडी घातली आहे त्याने. मोटरसायकल सुरू झाली. गेला.

अकरा वीस

११२ ला पुन्हा सांगितलं, इथे नको, अंबडला जा, अंबडला. गल्ली विचारतात. पिवळं घर, पिठाच्या गिरणीमागे — गल्लीचं नाव मी कधी विचारलंच नाही. शोधतो म्हणाले.

मोटरसायकलने दहा मिनिटं लागतात. फार तर बारा.

राखीला फोन लावते आहे. रिंग जातेय. पूर्ण रिंग. पुन्हा. उचलत नाही. मीच सांगितलं होतं, मीच —

अकरा सत्तावीस

आठव्यांदा. वहिनी, उचल. मी आहे गं, खरंच मीच आहे, उचल, मागच्या दाराने बाहेर

उचलला.

कुणी बोलत नाही. श्वास ऐकू येतो. मी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं. तिकडे टिक झालं आणि