भरतीला उघडणारी फुलं

१८ फेब्रुवारी
आले एकदाची! नाहूरच्या चार भिंतींतून थेट खारदांड्याला, समुद्राच्या शेजारी. आम्ही स्वतःला कोकणातले म्हणवतो आणि मला धड पोहताही येत नाही. कॉलेजच्या समुद्रजीव प्रयोगशाळेत व्हेनेसा माझ्याआधीपासून आहे. तिच्याच घरी माडीवरची खोली मिळाली. आल्याआल्या तिने सुक्या बोंबलाची चटणी वाढली आणि बजावलं, "खडकावर नाचू नकोस यार, पाय मोडशील." झकास बाई आहे.

२१ फेब्रुवारी
ओहोटीला जुहूच्या खडकांवर गेलो. कपारीत व्हेनेसाला एक जीव सापडला. समुद्रफुलासारखा, पण कातडीच्या रंगाचा, आणि एकाच पातळ सालीवर कितीतरी तोंडं. कोरडी असताना मिटलेली. बादलीत पाणी ओतलं तशी एकेक उघडली. पुस्तकांत असलं काही नाही. एवढ्यात तिला वसईहून फोन आला, आई हॉस्पिटलात. जाताना म्हणाली, सरांना आपण दोघी मिळून दाखवू, तोवर तू सांभाळ.

२३ फेब्रुवारी
मी आजच दाखवला. राहवलं नाही. आमचे प्रमुख अंबादास सर म्हणाले, जात नवीन दिसतेय, कुणाला सापडली? माझ्या तोंडून "मला" निघून गेलं. दुरुस्त करायला भरपूर वेळ होता, केलं नाही. नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. म्हणून मी व्हेनेसाचं सुचवलं. सर म्हणाले, मनाने मोठी आहेस. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ फेब्रुवारी
घाईत वाट लावली. असा जीव स्पिरिटमध्ये घालण्याआधी मेन्थॉलने गुंगी द्यायची असते, म्हणजे तोंडं उघडी राहतात. पण मला व्हेनेसा यायच्या आत सगळं उरकायचं होतं. बादलीतून उचलून तसाच टाकला. मिटून त्याचा गोळा झाला, आता त्यावरून ओळख पटवणं कठीण. सरांना जिवंत तुकडा हवाय. हातमोजे घालायचेही राहिले. मनगट खाजतंय.

१ मार्च
मनगटावर तसलीच पातळ साल धरलीय. दुपारी भरती आली, खिडकीखाली पाणी वाजू लागलं, आणि तिच्यावरची तोंडं उघडली. ओहोटीला मिटली. डॉक्टरकडे गेले तर कॉलेजात कळणार, मग व्हेनेसाला. लाज वाटते. पूर्ण बाह्यांचा कुडता घातला.

४ मार्च
सरांना तुकडा दिला. ताजा, जिवंत. खडकावरून आणला, असं सांगितलं. ब्लेड धुऊन ठेवलं. दुखलं नाही, त्याचीच भीती वाटते. सर खूश. मला माझी किळस येते.

६ मार्च
व्हेनेसा आली. सरांनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुला सापडला काय, मला सापडला काय, एकच ना गं." मग हसली, मार्चमध्ये पूर्ण बाह्या कसल्या म्हणून, आणि बाही वर केली. ओहोटी होती, सगळं मिटलेलं. मी म्हटलं, उष्णतेचं पुरळ. तिने खोबरेल आणलं, आपल्या हाताने चोळलं. मी हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही.

८ मार्च
तिचा तळहात खाजतोय. विचारते, हे कसलं गं? आत्ता खरं सांगितलं तर कदाचित तिचा हात वाचेल — पण मग माझं —
उष्णता, म्हटलं. परत.

९ मार्च
कोपर गेलं. खांदा. गळ्यापाशी —
सरांचा मेसेज, लेख छापायला गेला. जातीला तिचं नाव. शोध माझा.

१० मार्च
भरती. खाली व्हेनेसा ओरडतेय. मला हाक मारतेय, मदतीला — जिन्यापर्यंत आले. सांगणार होते — आवाज फुटत नाही. अंगावरची सगळी तोंडं उघडलीत, माझं तेवढं मिटलंय. लिहूनच दाखवते. ती वर येतेय — व्हेनेसा, माफ कर, तो जीव मला नाही, तु