आतून लावायची कडी

सोम., ३ नोव्हें.

फिनिशचा सातवा क्लास. (यापुढे नुसतं फि. लिहीन.) आजचा विषय: कोणाकडे काय आहे. मिनुल्ला ओन, म्हणजे माझ्याकडे आहे. रीत्ता म्हणाली, हे पुस्तकातलं. बोलताना तिकडे सगळे मुल्ला ओन म्हणतात, वृद्धाश्रमातले आजी-आजोबासुद्धा. तिथेच नोकरी मिळाली तर मिळणार, म्हणून दोन्ही पाठ करायचं.

तिला रीत्तामॅडम म्हटलं की ती हसते. तिकडे शिक्षकांना नावाने हाक मारतात म्हणे. माझ्याच्याने होत नाही. आज शंका होती तर नुसती खोकले.

होमवर्क: घरच्या माणसांवर दहा वाक्यं. खोटी चालतील म्हणाली, गाडी नसली तरी आहे लिहा. पण सवय व्हायचीय ती भाषेची, खोट्याची कशाला.

आत्या बाजूला वाल सोलत होती. क्लासभर कान मोबाइलकडे.
"ती बाय काय विकतेय गो?"
"विकत नाही, शिकवतेय."
"मंग येवढं गोड कशाला बोलतेय?"

बुध., ५ नोव्हें.

मॉर्निंग ड्यूटी. आल्यावर वाक्यं.
दादाकडे बाइक आहे. आईकडे शिलाई मशीन आहे. बाबांकडे दोन चष्मे आहेत (एकाची काडी तुटलेली, पण आहेत). माझ्याकडे पासपोर्ट आहे.

आत्याचं अडलं. म्हणून पडवीत जाऊन बघितलं. खाट, ती आईच्या लग्नातली. ट्रंक आबांची. आरसा आम्ही काढून टाकलेला. खिळ्यावर दोन साड्या, एक दिवाळीची, एक आईने नेसून दिलेली. चोवीस वर्षं झाली तिला काका गेल्यावर इथे येऊन. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते.

"आत्या, तुझं स्वतःचं असं काय आहे?"
"गुडघे," म्हणाली. "दोन्ही माझेच. मागून बघ, कोन घेतंय का."

शेवटी लिहिलं: आत्याकडे खोली आहे.

मग 'आमच्याकडे घर आहे' लिहायला गेले आणि पुन्हा अडले. आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? जेवताना बाबांना विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे आपलं?"

बाबांचा हात ताटातच राहिला. "कुणी सांगितलं तुला विचारायला? ताईने?"
"नाही. होमवर्क आहे."
"असला कसला होमवर्क?"
आई म्हणाली, "भात वाढू?" म्हणजे विषय बंद.

मी काय चुकीचं विचारलं?

शनि., ८ नोव्हें.

बाबांनी आज ओट्यावर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. बहुतेक मी पुन्हा विचारीन या भीतीने.

आबा गेल्यावर घराच्या उताऱ्यावर दोन नावं लागली. बाबांचं आणि आत्याचं. अर्धं अर्धं. म्हणजे इतकी वर्षं ती तिच्याच घरात खिळ्यावर साड्या लावतेय.

आता इथे बिल्डिंग होणार. आपल्या वाट्याला चौथ्या मजल्यावर दोन फ्लॅट. एक बाबा-आईचा, एक दादाचा. दादाचं लग्न ठरलंय, मुलीकडच्यांनी वेगळं घर विचारलंय. म्हणून आत्याने हक्कसोड करून द्यायची. सोमवार १७ ला रजिस्ट्रार ऑफिसची तारीख घेतलीय.

"आणि आत्या?"
"आपल्याबरोबर. आजवर काय रस्त्यावर होती? आपल्या गोडदेव गावात सगळ्या बहिणींनी सोडलेत हक्क. साडी नेसवली, जेवण केलं, झालं. कोर्टात कोण गेलं का?"

खोटं काहीच बोलत नव्हते. आत्याच्या डोळ्यांचे थेंब दर महिन्याला तेच आणतात, दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत. लहानपणी तिने त्यांना कडेवर घेऊन मिठागरावर नेलंय, तेही तेच सांगतात.

मग म्हणाले, "तिला मोतीबिंदूने वाचता येत नाही. तू वाचून दाखव, तुझ्यावर विश्वास आहे तिचा. वरचं वरचं वाच. खालचं सगळं कायद्याचं असतं, उगाच घाबरेल."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

सोम., १० नोव्हें.

वाचलं. दुपारी, पडवीत.

पहिला परिच्छेद वाचला, त्यात नावं, पत्ता, घराची चतुःसीमा. मग "लिहून देणार" इथपर्यंत आले आणि थांबले. पुढे होतं ते वाचलं नाही. एकदम शेवटी गेले, "साक्षीदार, सही, दिनांक." आवाज मलाच परका वाटला.

आत्या म्हणाली, "झालं?"
"झालं."
"बरं. सोमवारी जाव."

चहा दिला तिने मला. मी प्यायले.

सातला क्लास. होमवर्क दिला. काय दिला आठवत नाही.

बुध., १२ नोव्हें.

आजचा क्लास लिहून ठेवते, जसाच्या तसा.

रीत्ताने सगळ्यांची वाक्यं स्क्रीनवर लावली. माझ्या आत्याच्या वाक्याला हसरा चेहरा. तॅदिल्लॅ ओन हुओने, आत्याकडे खोली आहे. छान, बरोबर, म्हणाली. आता त्याच्यावरून प्रश्न: खोलीला खिडकी आहे का? आहे. टेबल? नाही. दार?

एइ ओले. नाही.

तिला वाटलं मला प्रश्न समजला नाही. तिने हाताने दार उघडून-मिटून दाखवलं. ओवी, ओवी, म्हणजे दार. आहे ना? बाकीचे सहाजण बघतायत. मी पुन्हा म्हटलं, नाही. ती म्हणाली, वाक्य बरोबर आहे, पण खोलीला दार असतंच, घाबरू नकोस, पुन्हा प्रयत्न कर.

पडदा आहे हे मला फि.मध्ये येत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, आहे. ती खूश झाली.

आत्या बाजूलाच होती.
"काय विचारत होती गो ती, दोन-दोनदा?"
"तुझ्या खोलीला दार आहे का."
"तू काय बोललीस?"
"आधी नाही म्हटलं. मग हो."

आत्या बराच वेळ नुसती शेंग धरून बसली. सोललीच नाही.

गुरु., १३ नोव्हें.

ड्यूटीवर इंजेक्शनची नोंद दोनदा तपासली, तिसऱ्यांदा पण तपासली. सिस्टर म्हणाली, तेजू, तब्येत ठीक आहे ना?

ठीक नाही. एका आठवड्यात दोनदा खोटं. एक माझ्या शिक्षिकेला, ते चालून जाईल. दुसरं, जिने मला अक्षर दिलं तिला.

सात वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, छातीमुळे. आत्याने घरीच शिकवलं. ताटात मीठ पसरायची, तेव्हा घरात गोणीभर असायचं, आणि त्यात बोटाने अ. चुकलं की तळहाताने सपाट. "पुसलं. कोनी बघितलं न्हाय. परत काढ."

शुक्र., १४ नोव्हें.

आज सगळं वाचलं.

आधी सांगून टाकलं. "आत्या, सोमवारी मी मधलं वाचलं नव्हतं."
"माहीत हाय मना."
"कसं?"
"कविता इसरलीस का लहानपनी पुढची ओल गिलायचीस. गला हलायचा तुझा. सोमवारी पन हलला. तेवढं दिसतं अजून."

मग वाचलं. सावकाश. 'सदर मिळकतीमधील माझा संपूर्ण हक्क मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला व कायमचा सोडून देत आहे.' तिने हात वर केला, तिथेच थांबायला सांगितलं.

"खुशीने लिवलंय?"
"हो."
"कोनी विचारलं?"

मी पुढे वाचायला लागले तर म्हणाली, थांब, माझं नाव कुठं हाय ते दाखव. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. हिराबाई. तिने नखाने अक्षरांवरून हळूच रेघ ओढली, जशी मिठात ओढायची.

"तुला माहीत होतं, घरावर तुझं नाव आहे?"
"आबा गेले तवा साहेब येऊन लिवून गेला. माहीत होतं."
"मग कधी बोलली का नाहीस?"
"बोलून काय करायचं होतं, उतारा पांघरून निजायचं?"

मला रडू आलं. मी बाबांचं नाव घेतलं, त्यांनी असं सांगितलं, तसं सांगितलं. तिने मधेच थांबवलं. "त्याला नावं ठेवू नको. मना उपाशी न्हाय ठेवलं त्याने कधी. तुझ्या आईने पन."

मग भिंतीकडे बघत: "चोवीस वर्सं साडी बदलताना मी खोकतेय. पडद्याच्या आत हाय हे कलावं म्हनून. मना पोराचा फ्लॅट नको. मना एक खोली पायजे, दार असलेली. आतून कडी लावायची. आनि ती लिवून पायजे, माझ्या नावाने."

म्हटलं, मी बाबांना सांगते.
"तू न्हाय. माझा भाव हाय, मी सांगीन. तू नुसती बाजूला बस."

ती खोकते ते आम्हाला सगळ्यांना दमा वाटायचा. मी नर्स आहे. मलासुद्धा.

रवि., १६ नोव्हें.

सकाळी आत्या म्हणाली, केबिन रोडला चल. मला वाटलं डोळ्यांचं काही. ती थेट हार्डवेअरच्या दुकानात शिरली.

"कडी दिखाव. अंदर से लगाने का."
दुकानदार: "माजी, दरवाजा लकडी का है के लोखंड का?"
"दरवाजा अभी नहीं हाय."
"तो पहले दरवाजा लो ने! कडी हवा में लगाओगे?"
"तू दिखाव. दरवाजा पीछे से आयेगा."

तो हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. पाच-सहा कड्या काढल्या. तिने प्रत्येक पुढे-मागे सरकवून बघितली, कानाजवळ नेऊन. पितळेची घेतली. पैसे तिने स्वतःच्या बटव्यातून दिले, मला काढू दिले नाहीत.

संध्याकाळी बोलली. चहाच्या वेळी, सगळे घरात असताना. मी बाजूला बसले.

"मी उद्या येत न्हाय," म्हणाली. "कागदात एक खोली लिव माझ्या नावाने. मंग खुशीने सही करीन."

बाबांना आधी कळलंच नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. फार कठीण गेलं.

"बाबा, मी तिला सगळं वाचून दाखवलं. आधी अर्धं वाचलं होतं, ते चुकलं माझं."
"तुला वरचं वाच म्हटलं होतं."
"हो."

दादा म्हणाला, "आता त्या लोकांना काय सांगू मी?" आवाज चढवून नाही. खरंच विचारत होता. त्याचंही खरं आहे, म्हणून जास्त त्रास होतोय.

बाबा आत्याला म्हणाले, "ताई, मी तुला परकी कधी केली?"
"न्हाय केली. म्हनून तर तुला सांगतेय. परक्याला सांगितलं असतं का?"

बाबा चप्पल घालून बाहेर गेले. आईने त्यांचा कप झाकून ठेवला. आत्याच्या कपात मात्र न विचारता आणखी चहा ओतला. आईने असं कधी केलेलं मला आठवत नाही.

सोम., १७ नोव्हें.

रजिस्ट्रारकडे कोणी गेलं नाही. बाबांनी बिल्डरच्या माणसाला फोनवर सांगितलं, घरात अडचण आहे, पुढच्या सोमवारी बघू. "एक खोली अ‍ॅड होते का," असंही विचारलं का? दार ओढलेलं होतं, मला नीट ऐकू आलं नाही. ऐकलं असं मी धरणार नाही.

माझ्याशी बोलत नाहीत. मला मात्र नेहमीसारखं पेट्रोल पंपापर्यंत सोडायला आले, स्कूटरवर.

क्लासमध्ये मी हात वर केला. रीत्ता, असं नावाने म्हटलं, पहिल्यांदाच. सांगितलं, बुधवारी मी चुकीचं बोलले. माझ्या आत्याच्या खोलीला दार नाही. मग तिने विचारलं, आत्याला हवंय का?

हवंय कसं म्हणायचं ते अजून शिकवलेलं नाही. तिने तिथेच शिकवलं.

बुध., १९ नोव्हें.

कडी पडवीच्या खिडकीत ठेवलीय, वर्तमानपत्रावर. आत्या रोज पदराने पुसते. आई तिच्या बाजूने फडकं फिरवते, हलवत नाही.

आज थेंबांची बाटली द्यायला बाबा पडवीत आले. रविवारनंतर पहिल्यांदा. मी आत्याच्या डोळ्यांत थेंब घालायला तिथेच होते. त्यांनी कडी उचलली. हातावर तोलली. दांडा सरकवून बघितला, खट्ट झालं.

"ही कुणाची?"
आत्या डोळे मिटून पडलेली, तशीच म्हणाली, "माझी."

बाबांनी कडी होती तिथे, होती तशीच ठेवली. जायला निघाले. पडद्यापाशी थांबले, तो एका हाताने बाजूला केला आणि दुसऱ्या हाताने चौकट मोजली. वितीने. खालून वर, मग आडवी. ओठ हलत होते, आकडे मोजताना हलतात तसे. मग पडदा सारखा करून गेले.

"काय करत होता गो तो?" आत्याने विचारलं.
"चौकट मोजत होते."
"हितली?"
"इथली."

हे घर तर बिल्डिंगसाठी मार्चमध्ये पाडायचं आहे.