कोऱ्या नळीतली आदिमाता

दि. ९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे नाहीत. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन एकोणीस तारखेला आहे असं तुझ्या लेकाकडून कळलं. "मावशी, मी सांगितलं असं आईला सांगू नका," असं त्याने बजावलं होतं, तेव्हा त्याला रागावू नकोस. नंतर आठवडाभर तुला वाकायचं नाही, आणि डोळ्यात थेंब घालायला कोणीतरी लागेल. मी येऊ का, एवढंच विचारायचं आहे. एका ओळीचं काम. पण अकरा वर्षांनी एकच ओळ आली तर तू ती फाडशील, म्हणून बाकीचंही लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. लेकाला वाचायला देऊ नकोस.

मी निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेने मला सोडलेलं नाही. उत्खननात सापडलेल्या दातांतून डीएनए काढायचा, हे आमचं काम. दात दळायचा, पूड नळीत घालायची, रसायनांनी डीएनए सोडवून घ्यायचा आणि मशिनला वाचायला द्यायचा. दोन हजार वर्षांत त्याचा पार भुगा झालेला असतो. त्यात आजच्या माणसाची एक शिंक पडली की मशिन म्हातारे तुकडे सोडून शिंकच वाचत बसतं. म्हणून डोक्याला टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, तोंडाला मास्क आणि दाराशी मी. मुलं माझ्या पाठीमागे मला फिनाईल म्हणतात. पाठीला कान नसतात अशी त्यांची समजूत आहे.

गेल्या महिन्यात कमाल झाली. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे बारा दात तपासले. आईकडून मुलांना जसाच्या तसा मिळणारा डीएनएचा एक छोटा भाग असतो. तो त्यांतल्या नऊ दातांत अक्षर न अक्षर एकच निघाला. म्हणजे नऊही जण एकाच बाईच्या वंशातले! डायरेक्टरांना हर्षवायू व्हायचाच बाकी होता. त्यांनी त्या बाईला 'आदिमाता' म्हणायला सुरुवात केली, भाषण लिहायला घेतलं आणि एका चित्रकाराकडून तिचं चित्रही काढून घेतलं. रुंद कपाळ, करारी नजर. मला ते चित्र आवडलं होतं.

मग वेणीने माशी शिंकवली. वेणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात तरुण संशोधक. तिची वेणी टोपीत मावत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. प्रत्येक खेपेला आम्ही एक नळी कोरी ठेवतो. तिच्यात दाताची पूड नाही, नुसती रसायनं. तिच्यात काही सापडता कामा नये.

"बाई, कोऱ्या नळीतही आदिमाता आहे."

"तुझी वेणी पडली असेल तिच्यात."

"मग माझाही डीएनए बघा."

मी तिला दहा मिनिटं झाडलं. निकाल लागेपर्यंत तिला प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला बंदी केली, आणि सगळ्यांच्या गालाच्या आतून बोळा फिरवून नमुने घ्यायचं फर्मान काढलं. डायरेक्टर, शिपाई, झाडणारी बाई, कोणी सुटलं नाही. वेणीने दारातूनच यादी वाचली.

"बाई, यात तुमचं नाव नाही."

"माझं कशाला? नियम मी लिहिलेत."

"नियमांना थुंकी नसते, बाई. माणसांना असते."

पोरगी फाजील आहे. पण शिपाईसुद्धा खाली मान घालून हसायला लागला, तेव्हा मी मुकाट्याने तोंड उघडलं.

धाकटे, आदिमाता मी आहे.

मला आधी पटेना. मग वेणीने खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. टेबलावर नळ्या उघड्या. कोणाचं काही चुकलं की मी तिथेच मास्क हनुवटीवर ओढते आणि सुनावते. दर खेपेला. मास्कमधून रागावलेलं लोकांच्या मनावर ठसत नाही असं माझं मत होतं. जितकी शिस्त, तितकी थुंकी. तीनच दात स्वच्छ निघाले. ते दळले त्या आठवड्यात मी गुडघ्यासाठी रजेवर होते.

डायरेक्टरांनी भाषण फाडलं आणि चित्र माझ्या हातात दिलं. "घरी लावा," म्हणाले. वेणीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, मास्क लावून. "नीट ऐकू आलं नाही, बाई," म्हणाली. पुन्हा मागितली. माझी खात्री आहे, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

आता खरं ते लिहिते. आईकडून आलेला तो भाग तुझ्यातही अगदी असाच आहे. तू त्या खोलीच्या आसपास असतीस, तर मी बेधडक तुझ्यावर ठपका ठेवला असता. ती सवय मला आहेच.

अण्णांचं भिंग. अकरा वर्षांपूर्वी अण्णा गेल्यावर ते सापडेना, तेव्हा मी चार पाहुण्यांदेखत तुला म्हटलं, "शेवटी त्या खोलीत तूच होतीस." तू म्हणालीस, "ताई, एकदा तुझी पेटीही बघ." मी म्हटलं, "माझी कशाला?"

माझ्याच पेटीत होतं. अण्णांच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला मीच घेतलं होतं आणि औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर पेटीत टाकलं होतं. सापडलं त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं मी ते काढते, पुसते आणि परत ठेवते. इतकं स्वच्छ भिंग कुठल्या प्रयोगशाळेत नसेल.

चूक माझी होती. हे मी मास्क न लावता लिहिते आहे.

तू म्हणशील तर अठरालाच येते. भिंग बरोबर आणेन, टपालात फुटेल. थेंब घालताना माझा हात हलत नाही. पहिला दिवस मी मास्क लावून गप्प बसेन. अकरा वर्षांचं काय असेल ते तू बोलून घे, मी मध्ये तोंड घालणार नाही.

सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड आहे. डोळ्यांना ताण देऊन काही लिहू नकोस. ये म्हणायचं असेल तर कोरंच टपालपेटीत टाक. त्याला तुझं बोट लागलेलं असेल. तेवढं मला वाचता येतं.

तुझी,
उशिरा का होईना, नमुना दिलेली,
ताई